ओढ्यातल्या पाणकिड्यांचे वजन कसे काढतात?

पंढरपूर तालुक्यातल्या करकंबच्या शिवारातला एखादा ओढा पावसाळ्यात वाहता झाला की काही आठवड्यांनी त्यातला मुठीएवढा दगड उचलून उलटा करून पाहावा. खालच्या ओल्या बाजूला काहीतरी सरपटताना दिसते. शेपटीला बारीक धाग्यासारखे दोन-तीन केस असलेला चपटा किडा, वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत बसलेली अळी, गाळात वळवळणारा लाल दोरा. यांतले बहुतेक जण काही दिवसांनी पंख फुटून हवेत उडणार असतात. चतुर, टाचणी, मेफ्लाय, कॅडिसफ्लाय आणि डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माश्या या सगळ्यांचे बालपण पाण्यात जाते.

आता प्रश्न असा, की एका ओढ्यातल्या अशा सगळ्या किड्यांचे मिळून वजन किती भरेल? प्रश्न विचित्र वाटतो, पण जगभरातले नदी-अभ्यासक हेच मोजत असतात. ओढ्यातल्या माशांना खायला किती मिळेल, काठावरच्या पाकोळ्या, वटवाघळे आणि कोळी यांच्या वाट्याला काय येईल, ओढा जिवंत आहे की नुसतेच पाणी वाहते आहे, या सगळ्याचे उत्तर या वजनात दडलेले असते. हे वजन काढण्याची पद्धत सोपी आहे, पण उष्ण प्रदेशात ती चुकीची वापरली तर उत्तर निम्म्याने किंवा दुपटीने चुकू शकते.

जैवभार म्हणजे काय?

एखाद्या ठरावीक जागेत एखाद्या वेळी असलेल्या सजीवांचे एकूण वजन म्हणजे जैवभार. पाणकिड्यांच्या बाबतीत तो बहुधा 'एका चौरस मीटर तळाला इतके ग्रॅम किंवा मिलिग्रॅम' असा सांगतात.

हे वजन ओले नव्हे, तर कोरडे धरतात. किड्याच्या शरीरात साधारण ८० टक्के पाणीच असते. शिवाय अंगाला चिकटलेले पाणी टिपकागदाने किती टिपले यावरही ओले वजन बदलते. म्हणून किडे साधारण ६० अंश सेल्सियसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवतात आणि मग तोलतात.

काही वेळा आणखी एक पायरी असते. वाळवलेले किडे ५०० अंशांच्या आसपास तापणाऱ्या भट्टीत जाळतात आणि उरलेल्या राखेचे वजन वजा करतात. पोटात वाळू-माती गेलेल्या किड्यांसाठी हे गरजेचे असते, नाहीतर मातीचे वजनही किड्याच्या नावावर जमा होते. वाळूच्या नळीत राहणारी अळी तर तोलण्याआधी नळीबाहेर काढावीच लागते.

नुसती मोजदाद का पुरत नाही?

'या ओढ्यात एका चौरस मीटरला दोन हजार किडे आहेत' असे कोणी सांगितले तर आकडा मोठा वाटतो. पण ते दोन हजार एक मिलिमीटरचे आहेत की दहा मिलिमीटरचे? लांबी दुप्पट झाली की किड्याचे वजन दुप्पट होत नाही. तो लांबीबरोबर रुंद आणि जाडही होतो, त्यामुळे वजन साधारण सात-आठ पट होते. बाजारातली लहान आणि मोठी कलिंगडे नगावर सारखी, पण काट्यावर वेगळी, तसेच हे आहे.

माशाच्या किंवा पक्ष्याच्या पोटाला नग मोजून उपयोग नाही. त्याला वजन लागते. म्हणून अन्नसाखळीचा हिशेब नगांवर नव्हे, जैवभारावर मांडतात.

पहिली पायरी : नमुना

अख्खा ओढा उपसून किडे काढणे शक्य नसते. म्हणून तळाचे ठरावीक मापाचे छोटे तुकडे निवडतात. उथळ, खळखळत्या पाण्यासाठी सर्वांत जास्त वापरले जाणारे साधन म्हणजे सर्बर जाळी. अमेरिकी मत्स्यतज्ज्ञ यूजीन सर्बर यांचे नाव तिला मिळाले आहे. त्यांनी १९३७ मध्ये ट्राउट मासे आणि त्यांचे तळातले खाद्य यांवरच्या अभ्यासात ती वापरली होती.

या जाळीला दोन चौकटी असतात. एक तळावर आडवी टेकते, दुसरी उभी राहते आणि तिला मागे पिशवीसारखी जाळी असते. आडव्या चौकटीचे माप साधारण ३० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटर, म्हणजे ०.०९ चौरस मीटर. जाळीचे तोंड प्रवाहाकडे ठेवायचे. मग चौकटीच्या आतले दगड एकेक करून हाताने चोळायचे आणि खालची वाळू ढवळायची. सुटलेले किडे प्रवाहाबरोबर थेट पिशवीत जातात.

डोहात प्रवाह नसतो, त्यामुळे तिथे ही जाळी चालत नाही. तिथे तळात रुतवायची नळी किंवा गाळ उचलणारा जबडा वापरतात.

जाळीची वीण किती बारीक, हाही कळीचा मुद्दा आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या विणीतून नुकत्याच अंड्यातून निघालेल्या बारीक अळ्या निसटतात. उष्ण प्रदेशात वर्षभर नवी पिल्ले जन्मत असल्याने अशा बारीक अळ्यांचे प्रमाण मोठे असते. त्यामुळे पाव मिलिमीटर किंवा त्याहून बारीक वीण घेणे चांगले. कोणती वीण वापरली ते नोंदवले नाही, तर दोन ओढ्यांची तुलनाच करता येत नाही.

गोळा केलेला माल पांढऱ्या ट्रेमध्ये ओततात, पाला आणि खडे बाजूला करतात आणि किडे वेचून ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची कुळे ओळखायची आणि प्रत्येकाची लांबी मोजायची. लांबी डोक्याच्या टोकापासून पोटाच्या शेवटापर्यंत धरतात. मिशा आणि शेपटीचे केस त्यात येत नाहीत. किडा तुटलेला असेल तर डोक्याची रुंदी मोजूनही काम भागते, कारण डोक्याचे कवच कडक असते आणि सहसा शाबूत राहते.

दुसरी पायरी : काट्याशिवाय वजन

एका नमुन्यात शेकडो किडे निघू शकतात. प्रत्येकाला वाळवून तोलणे वेळखाऊ तर असतेच, शिवाय त्यात नमुनाही नष्ट होतो. म्हणून अभ्यासक लांबीवरून वजन काढतात. त्यासाठीचे समीकरण असे :

कोरडे वजन = अ × (लांबीचा 'ब' वा घात)

इथे लांबी मिलिमीटरमध्ये आणि वजन मिलिग्रॅममध्ये आहे. 'अ' आणि 'ब' हे प्रत्येक कुळासाठी वेगळे आकडे असतात. किडा सगळ्या बाजूंनी सारख्या प्रमाणात वाढत असता तर 'ब' बरोबर ३ आला असता. प्रत्यक्षात तो बहुधा ३ च्या थोडा खाली असतो, कारण बरेच किडे वाढताना थोडे सडपातळ होत जातात.

हे आकडे कुठून येतात? अमेरिकेतल्या आर्थर बेंकी, अलेक्झांडर ह्युरिन, लेनर्ड स्मॉक आणि ब्रूस वॉलेस यांनी १९९९ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातल्या अपृष्ठवंशी प्राण्यांची अशी समीकरणे एकत्र करून प्रसिद्ध केली. आजही जगभरात याच तक्त्यांचा सर्वाधिक वापर होतो. त्यातली तीन कुळे उदाहरणादाखल :

• बीटिडी, म्हणजे चपळ पोहणाऱ्या मेफ्लायचे कूळ : अ = ०.००५३, ब = २.८७५
• कायरोनोमिडी, म्हणजे न चावणाऱ्या डासासारख्या माश्यांचे कूळ : अ = ०.००१८, ब = २.६१७
• लिबेल्युलिडी, म्हणजे चतुरांचे एक मोठे कूळ : अ = ०.००७६, ब = २.८०९

हे आकडे वापरले तर ४ मिलिमीटरच्या मेफ्लाय पिल्लाचे कोरडे वजन सुमारे ०.२९ मिलिग्रॅम येते. ८ मिलिमीटरच्या पिल्लाचे येते सुमारे २.०९ मिलिग्रॅम, म्हणजे सात पटींहून जास्त.

एका नमुन्याचा हिशेब

समजा, करकंब परिसरातल्या एका ओढ्याच्या खळखळत्या भागात एकदा जाळी लावली. खालचे आकडे पद्धत समजावण्यासाठी घेतलेले आहेत. जाळीत सापडले :

• ५ मिलिमीटर लांबीच्या २०० कायरोनोमिड अळ्या : प्रत्येकी सुमारे ०.१२ मिलिग्रॅम, एकूण सुमारे २४ मिलिग्रॅम
• ४ मिलिमीटर लांबीची ४० मेफ्लाय पिल्ले : एकूण सुमारे ११ मिलिग्रॅम
• २० मिलिमीटर लांबीचे चतुराचे १ पिल्लू : सुमारे ३४ मिलिग्रॅम

एकूण किडे २४१ आणि एकूण कोरडे वजन सुमारे ७० मिलिग्रॅम. जाळीचे क्षेत्र ०.०९ चौरस मीटर, म्हणून ७० ला ०.०९ ने भागले की एका चौरस मीटरला सुमारे ७८० मिलिग्रॅम, म्हणजे ०.७८ ग्रॅम येतात.

आता चतुराच्या पिल्लाकडे पाहा. २४१ मध्ये ते एकटेच आहे, पण वजनातला त्याचा वाटा जवळपास निम्मा आहे. ते दगडाच्या कपारीत लपले असते आणि जाळीत आलेच नसते, तर उत्तर ०.७८ वरून थेट ०.४० ग्रॅमवर घसरले असते. म्हणूनच एका नमुन्यावरून ओढ्याचा जैवभार सांगणे धोक्याचे असते. पाणकिडे तळावर सारखे पसरलेले नसतात. एका दगडाखाली गर्दी, तर शेजारच्याखाली शुकशुकाट असतो. त्यामुळे अनेक ठिकाणचे नमुने घ्यावे लागतात आणि सरासरीबरोबर चढउतार किती होता तेही सांगावे लागते.

पुढची पायरी अख्ख्या ओढ्याची. ओढा सगळीकडे खळखळत नसतो. समजा, त्याच्या १०० मीटर पट्ट्यात ३० टक्के तळ खळखळता आहे आणि ७० टक्के डोहाचा. डोहात जैवभार ०.२० ग्रॅम निघाला. मग ओढ्याची सरासरी (०.३ × ०.७८) + (०.७ × ०.२०), म्हणजे सुमारे ०.३७ ग्रॅम होते. फक्त खळखळत्या भागाचा आकडा अख्ख्या ओढ्याला लावला असता तर उत्तर दुपटीहून जास्त फुगले असते.

ओढा सरासरी ३ मीटर रुंद असेल तर त्या १०० मीटरमध्ये ३०० चौरस मीटर तळ येतो. त्यात सुमारे ११२ ग्रॅम कोरडे, म्हणजे ओल्या वजनात साधारण अर्धा किलो पाणकिडे. पात्रात उतरल्यावर डोळ्यांना जवळपास काहीच दिसत नाही, पण दगडांखाली अर्धा किलोचा ऐवज असतो.

सरासरी लांबीचा सापळा

घाईत एक चूक हमखास होते. प्रत्येक किड्याची लांबी मोजण्याऐवजी काही किडे मोजायचे, लांबीची सरासरी काढायची, तिचे वजन काढायचे आणि किड्यांच्या संख्येने गुणायचे. हे सोयीचे वाटते, पण चुकते.

दोन मेफ्लाय पिल्ले घ्या, एक २ मिलिमीटरचे आणि दुसरे ८ मिलिमीटरचे. समीकरणाने त्यांचे एकत्र वजन सुमारे २.१३ मिलिग्रॅम येते. त्यांची सरासरी लांबी ५ मिलिमीटर. ५ मिलिमीटरच्या दोन पिल्लांचे वजन मात्र येते फक्त १.०८ मिलिग्रॅम. किडे तेच, पण उत्तर निम्मे! वजन लांबीबरोबर सरळ रेषेत वाढत नसल्याने असे होते.

थंड प्रदेशातल्या बऱ्याच ओढ्यांत एका जातीची पिल्ले एकाच सुमारास जन्मतात आणि जवळपास सारख्या मापाची असतात, त्यामुळे तिथे ही चूक लहान राहते. उष्ण प्रदेशात एकाच दगडाखाली एकाच जातीची कालची पिल्ले आणि उद्या उडणारी पिल्ले एकत्र सापडतात. इथे लांबीचे गट पाडून प्रत्येक गटाचे वजन वेगळे काढणे हाच मार्ग आहे.

थंड देशांची समीकरणे इथे चालतील का?

बेंकी आणि सहकाऱ्यांचे तक्ते उत्तर अमेरिकेतल्या किड्यांवरून बनले आहेत. भीमेच्या खोऱ्यातल्या किड्यांना ते जसेच्या तसे लावण्यात तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण म्हणजे कूळ एक असले तरी जाती वेगळ्या असतात. एकाच लांबीची एक जात लुकडी, तर दुसरी गुबगुबीत असू शकते. दुसरी, कोमट पाण्यात बरेच किडे लवकर प्रौढ होतात आणि लहान मापातच पंख फुटून बाहेर पडतात. तक्त्यातले समीकरण मोठ्या किड्यांवरून बनले असेल तर लहान किड्यांना ते लावणे म्हणजे मोजलेल्या मर्यादेबाहेर अंदाज करणे. तिसरी अडचण किडे कशात ठेवले होते याची. अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या किड्यातले काही घटक द्रवात उतरतात आणि त्याचे कोरडे वजन घटते. अशा किड्यांवरून बनवलेले समीकरण ताज्या किड्याचे वजन कमी दाखवते.

म्हणून उष्ण प्रदेशातल्या संशोधकांनी आपापली समीकरणे बनवायला सुरुवात केली. व्हेनेझुएलातल्या क्लॉडिया क्रेसा यांनी तिथल्या ओढ्यांतल्या किड्यांची अशी समीकरणे १९९९ मध्ये, म्हणजे बेंकींच्या तक्त्यांच्याच वर्षी प्रसिद्ध केली.

आपल्या ओढ्यासाठी समीकरण बनवणे एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेलाही जमण्यासारखे आहे. एका कुळाचे, लहानात लहान ते मोठ्यात मोठ्या मापाचे, शक्यतो ताजे किंवा गोठवलेले किडे घ्यायचे. प्रत्येकाची लांबी मोजायची, वाळवायचे आणि मिलिग्रॅमचा शंभरावा भाग किंवा त्याहून बारीक दाखवणाऱ्या काट्यावर तोलायचे. फार बारीक किडे एकाच मापाचे दहा-वीस एकत्र तोलून भागाकार करायचा. मग लांबी आणि वजन यांचे लॉगॅरिदम आलेखावर मांडले की बिंदू जवळपास सरळ रेषेत येतात. त्या रेषेचा उतार म्हणजे 'ब'. लॉगॅरिदममधून पुन्हा मिलिग्रॅममध्ये येताना उत्तर थोडे कमी येते, त्यासाठीची दुरुस्ती संख्याशास्त्रात ठरलेली आहे.

हे जमेपर्यंत परके समीकरण वापरायला हरकत नाही. फक्त कोणते वापरले आणि ते कोणत्या मापाच्या किड्यांवरून बनले होते हे लिहायला हवे.

शिल्लक वेगळी, उलाढाल वेगळी

उष्ण प्रदेशातल्या ओढ्यांबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज इथे होतो. जैवभार म्हणजे दुकानाच्या गल्ल्यातली त्या क्षणाची शिल्लक. तिच्यावरून वर्षाची उलाढाल कळत नाही. गल्ल्यात थोडेच पैसे असूनही दिवसभर गिऱ्हाईक चालू असेल तर दुकान जोरात असते.

किड्यांची उलाढाल म्हणजे वर्षभरात नव्याने तयार झालेले एकूण वजन. त्यातले काही मासे, खेकडे आणि चतुरांची पिल्ले खातात, काही पुरात वाहून जाते, तर काही पंख फुटून उडून जाते. वर्षाच्या उत्पादनाला सरासरी जैवभाराने भागले की शिल्लक वर्षातून किती वेळा फिरली ते कळते.

वर्षातून एकच पिढी होणाऱ्या किड्यांत हा आकडा साधारण ५ च्या आसपास असतो. पिढ्या वाढल्या की तो वाढत जातो. बेंकी यांनी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या ओगीची या कोमट पाण्याच्या नदीतल्या कायरोनोमिड अळ्यांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे हा आकडा काही गटांत १०० च्याही वर गेला होता.

पिढी किती लवकर पुरी होते याचा अंदाज महाराष्ट्रात प्रत्येक घराला आहे. आरोग्य विभाग आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतो. त्याचे कारण एवढेच, की उष्ण हवेत डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. ओढ्यातल्या अनेक बारीक माश्या आणि मेफ्लाय यांचे चक्रही थंड देशांच्या मानाने बरेच वेगाने फिरते. अमेरिकी संशोधक जॅक्सन आणि स्वीनी यांनी कोस्टारिकातल्या ओढ्यांमधल्या ३५ जातींची अंडी आणि पिल्ले वाढवून त्यांच्या वाढीचा काळ मोजला. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामातही वर्षात अनेक पिढ्यांचे हेच चित्र दिसले.

अर्थात, 'आपल्या ओढ्यात किडे कमीच आहेत, म्हणजे तो गरीब आहे' असा निष्कर्ष घाईचा ठरू शकतो. कदाचित किडे जितक्या वेगाने तयार होतात तितक्याच वेगाने खाल्ले जात असतील.

ओढा आटतो तेव्हा

करकंबचा भाग कमी पावसाचा आहे. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये येतो. इथले बहुतेक ओढे हंगामी आहेत. पावसाळ्यात वाहतात, हिवाळ्यात डोहापुरते उरतात आणि उन्हाळ्यात कोरडे पडतात. भीमाशंकरच्या डोंगरात भीमेला मिळणाऱ्या झऱ्यांचे किंवा कालव्याच्या पाझरामुळे वाहत्या राहणाऱ्या ओढ्यांचे गणित वेगळे असते.

हंगामी ओढ्यात तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एक, मोठा लोंढा तळ खरवडून नेतो. पुरानंतर दोन दिवसांनी घेतलेला नमुना आणि तीन आठवड्यांनी घेतलेला नमुना यांत प्रचंड फरक असतो. दोन, पाणी आटत आले की किडे उरलेल्या डोहात गोळा होतात. तिथे चौरस मीटरचा आकडा वाढतो, पण ओढ्यातले एकूण किडे वाढलेले नसतात. अशा वेळी तळाचे ओले क्षेत्र किती उरले आहे ते मोजून गुणावे लागते. तीन, वर्षाची उलाढाल काढताना कोरडे महिने शून्य धरायचे असतात. पाच महिने वाहणाऱ्या ओढ्याला बारमाही ओढ्याचा आकडा लावला तर माशांच्या खाद्याचा अंदाज फसवा ठरतो.

वजन जास्त म्हणजे ओढा निरोगी?

नाही. आणि हेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

ओढ्यात गावाचे सांडपाणी मिसळले तर तिथला जैवभार कमी होण्याऐवजी वाढूही शकतो. कायरोनोमिडच्या काही जातींच्या लाल अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असते, त्यामुळे प्राणवायू जेमतेम असलेल्या घाण गाळातही त्या तगतात. मेफ्लाय आणि कॅडिसफ्लायच्या नाजूक जाती मरून जातात. स्पर्धक उरत नाहीत, खाद्य भरपूर असते आणि लाल अळ्यांचा गालिचा पसरतो. वजनाचा आकडा चांगला, पण ओढा आजारी.

म्हणून जैवभार एकटा सांगू नये. तो कोणत्या कुळांत किती विभागला आहे हे सोबत द्यावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक निकषांतही दोन गोष्टी एकत्र पाहतात. सापडलेली कुळे प्रदूषण किती सोसणारी आहेत आणि त्यांच्यात विविधता किती आहे. के. ए. सुब्रमणियन आणि के. जी. शिवरामकृष्णन यांनी लिहिलेली, पाणकिड्यांवरून पाण्याचा दर्जा ओळखण्याची पुस्तिका बंगळुरूच्या 'अत्री' संस्थेने २००७ मध्ये काढली. भारतातले किडे ओळखायला ती उपयोगी पडते.

खेकडे, गोगलगायी आणि शिंपले यांचे वजनही वेगळे ठेवावे. उष्ण प्रदेशातल्या काही ओढ्यांत थोडेसे खेकडेच सगळ्या किड्यांपेक्षा जड भरतात. त्यांना एका आकड्यात मिसळले की किड्यांबद्दल काहीच कळत नाही.

हे मोजून गावाला काय मिळते?

महाराष्ट्रात 'जलयुक्त शिवार'सारख्या योजनांतून अनेक ओढ्या-नाल्यांचे खोलीकरण आणि रुंदीकरण झाले. दुष्काळी भागात पाणी साठणे ही गरजच आहे. पण खोलीकरणात दगडगोट्यांचा खळखळता तळ निघून जातो आणि सरळ, खोल चर उरतो. वाळूउपशातही तेच होते. वरच्या उदाहरणात सर्वांत जास्त जैवभार त्याच खळखळत्या भागात होता. किती घनमीटर पाणी साठले ते सांगता येते. तसेच कामाआधी आणि कामानंतर किडे किती होते हे सांगता आले, तर ३० टक्के खळखळता भाग राखायचा की काढायचा यावर आकड्यांनिशी बोलता येईल.

त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. सर्बर जाळी लोखंडी चौकट आणि जाळीच्या कापडातून गावातही शिवून घेता येते. किडे आलेखाच्या कागदावर ठेवून मोबाईलने सरळ वरून फोटो काढला तर लांबी फोटोवरूनही मोजता येते. नोंदीत मात्र पुढील गोष्टी नक्की असाव्यात :

• तारीख, शेवटचा मोठा पाऊस कधी झाला आणि पाण्याचे तापमान
• खळखळता भाग आणि डोह यांचे वेगवेगळे नमुने, प्रत्येकाची संख्या
• जाळीचे माप आणि वीण
• कुळनिहाय संख्या आणि लांबीचे गट
• वापरलेले समीकरण आणि ते कुठले आहे
• वाहत्या किंवा ओल्या तळाचे एकूण क्षेत्र

अशी नोंद असेल तर पाच वर्षांनी दुसरे कोणी त्याच जागी जाळी लावून तुलना करू शकेल. नाहीतर 'पूर्वी ओढ्यात खूप काही असायचे' एवढेच बोलणे उरते आणि 'खूप' म्हणजे किती, हे कोणालाच सांगता येत नाही.